क्रोम लायनिंगच्या नळीचं फिनिश : आत डोकावून नक्की काय पाहायचं?

वाळवंटी_पुणेकर

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं अ‍ॅरिझोनात आहे. इथे रीतसर घेतलेली एक एआर-१५ रायफल आहे आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाणं होतं. जुनी नळी झिजली, म्हणून मागच्या आठवड्यात नवी मागवली. १६ इंची, ५.५६, रायफलिंगचा (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पिळाचा) सात इंचांत एक फेरा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि बोअर (नळीची आतली पोकळी) दोन्हींना क्रोम लायनिंग, म्हणजे आतून क्रोमचा थर.

आजवर मी नळीत डोकवायचो ते खिडकीकडे धरून. तसं पाहिलं तर ही आरशासारखी लखलखीत दिसली. मग नवा घेतलेला कॅमेऱ्याचा बोअरस्कोप आत घातला आणि झोपच उडाली. जे दिसलं ते असं:

आतला रंग चकचकीत नाही, दुधी राखाडी आहे. घासलेल्या काचेसारखा. लँडवर, म्हणजे रायफलिंगच्या उंच पट्ट्यांवर, बारीक आडव्या रेषा आहेत. ग्रूव्हमध्ये, म्हणजे मधल्या खोबणीत, मात्र त्या नाहीत. गॅस पोर्टच्या, म्हणजे झाडल्यावरचा वायू नळीबाहेर नेणाऱ्या छिद्राची एका बाजूची किनार तुटल्यासारखी दिसते. आणि चेंबरच्या पुढे, जिथे रायफलिंग सुरू होतं तिथे, दोन पांढरे ठिपके.

अजून एकही गोळी झाडलेली नाही. एकदा झाडली की परत करता येणार नाही, आणि परतीची मुदत नऊ दिवसांत संपते. यातला दोष कोणता आणि नेहमीचं काय, हे कसं ठरवायचं? एक मित्र म्हणतो पॉलिशिंग पेस्ट लावून घासून काढ, गुळगुळीत होईल. करू का?

सह्यकडा

फोटो टाका. आणि पेस्टची डबी तूर्त कपाटात ठेवा.

वाळवंटी_पुणेकर

टाकलेत, चार आहेत. तिसरा थोडा हललाय.

शिरोलीचा_प्लेटर

बंदुकीच्या नळीचं काम मी कधी केलेलं नाही, हे आधीच सांगतो. आमचं काम हायड्रॉलिकचे पिस्टन रॉड, सिलिंडर, प्लास्टिकचे साचे. पण हार्ड क्रोम तेच आणि टाकीतलं शास्त्रही तेच. बावीस वर्षं त्या वाफेशेजारी काढलीत, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. क्रोम म्हणजे भिंतीची पुट्टी नव्हे. ते खड्डा भरत नाही, ओरखडा झाकत नाही. खाली जसा पृष्ठभाग असेल त्याची नक्कल काढतं, तीही जरा वाढवून. करंट उंचवट्याकडे जास्त जातो, म्हणून उंचवट्यावर जास्त चढतं आणि खोबणीत कमी. आमच्याकडे गिऱ्हाईक रॉड घेऊन येतं आणि म्हणतं, "थोडे ओरखडे आहेत, क्रोममध्ये जातील." जात नाहीत, भावा. आधी ग्राइंडिंग, मग क्रोम, मग परत ग्राइंडिंग. तुम्हाला पिस्टन रॉड आरशासारखा दिसतो तो शेवटच्या ग्राइंडिंग-पॉलिशिंगमुळे. टाकीतून निघतो तेव्हा तो तसा नसतो.

रायफलिंग असलेल्या नळीत क्रोमनंतर ग्राइंडिंगचा दगड कुठून घालणार? तेव्हा तुम्हाला जे दिसतंय ते टाकीतून निघालेलं कोरं क्रोम आहे. ते दुधी असू शकतं. आमची टाकी ५० ते ५५ अंशांवर चालते. त्या तापमानाला करंट नेमका बसला तर चकाकी येते. तापमान चढं आणि करंट कमी असला की दुधी. उलट झालं, टाकी गार आणि करंट जास्त, तर करपट राखाडी आणि हाताला दाणेदार लागतं. दुधी क्रोम थोडं मऊ असतं, पण त्याला भेगा कमी पडतात. करपट मात्र वाईट. तुमचा पहिला फोटो मला दुधी वाटतो. सगळीकडे एकसारखा आहे ही चांगली खूण.

पेस्टचं म्हणाल तर हात जोडून सांगतो, नको.

ह्यूस्टनकर

मी क्रोमच्या नळ्या घेणं सोडलं त्याला चार वर्षं झाली. माझ्या एका नळीत थ्रोटपाशी, म्हणजे चेंबरपुढे रायफलिंग सुरू होतं तिथे, क्रोमचा पपुद्रा निघाला होता, जेमतेम ४०० गोळ्यांत. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी नळी बदलून दिली, पण पाच आठवडे गेले आणि मनातून उतरली ती उतरलीच. आता स्टेनलेस वापरतो. अचूकता हवी असेल तर क्रोम हा मार्गच नव्हे. इतक्या मेहनतीने नेमक्या मापाची नळी बनवायची आणि मग तिच्यात कमी-जास्त जाडीचा थर चढवायचा, हे मला पटत नाही.

मायक्रॉन_मोजणारा

ह्यूस्टनकर, तुमची तक्रार खरी, निष्कर्ष जरा लांब गेला.

थराची जाडी कमी-जास्त होते हे बरोबर. पण आकडा पाहा. नळीतला थर साधारण १० ते २५ मायक्रॉनच्या घरात असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. त्यासाठी नळी आधीच तेवढी मोठी कापतात. अडचण जाडीची नसते, जाडी सगळीकडे सारखी आहे का याची असते. अ‍ॅनोड, म्हणजे आत घातलेली करंटची दांडी, नळीच्या बरोब्बर मध्यातून गेला नाही तर एका बाजूला जास्त चढतं. टोकांना करंट गोळा होतो, तिथे काळजी घेतली नाही तर तोंडापाशी माप बदलतं. लँडच्या कडा गोलसर होतात आणि आतल्या कोपऱ्यांत कमी चढतं. चांगला कारखाना हे सगळं सांभाळतो.

मी चाकणला गुणवत्ता तपासणीत आहे, इंजिनाच्या भागांवर. आतल्या व्यासासाठी आम्ही एअर गेज वापरतो. प्लगच्या दोन बारीक छिद्रांतून हवा सोडायची. भिंत किती लांब आहे त्यावर हवेचा दाब बदलतो आणि मायक्रॉनमध्ये माप मिळतं. नळ्या बनवणारेही हेच वापरतात. वाळवंटी यांनी कॅमेऱ्याने जे पाहिलं ते रूप आहे. गोळीला रूप दिसत नाही, तिला माप लागतं. चेंबरकडून तोंडाकडे जाताना व्यास एकसारखा हवा, किंवा अगदी किंचित आवळत गेलेला. मध्येच सैल होऊन पुढे घट्ट झाला तर तो खरा दोष.

घरी एअर गेज नसतो. पण स्वच्छ कोरडी नळी, घट्ट बसणारी चिंधी आणि सरळ दांडा एवढं असतं. चेंबरकडून सावकाश, एकाच वेगाने ढकला. सुरुवातीला जरा जोर लागेल, पुढे सारखा लागला पाहिजे. कुठे अचानक सुटल्यासारखं वाटलं, कुठे खरखरलं, तर दांड्यावर पेनने खूण करा आणि नंतर तेवढ्याच खोलीवर कॅमेरा न्या. बोटांना जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही, हे मी मोजमापाच्या धंद्यात राहून म्हणतोय.

नेमबाज_करवीर

सह्यकडा यांनी दुवा पाठवला म्हणून आले. मी ५० मीटर नेमबाजी करते, .२२ मध्ये. आमच्या नळ्यांना क्रोम नसतंच. आमची गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा हात, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. ना तेवढी उष्णता, ना तेवढा दाब. नळी झिजते ती वर्षानुवर्षांनी. आणि दहाचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला कांस्य घेतलं ते याच अंतरावर. तिथे आतलं पोलाद हाताने लॅप केलेलं लागतं. शिशाचा बोळा नळीतच ओतून, त्याला बारीक पूड लावून, पुढे-मागे तासन् तास.

पण म्हणून तुमच्या रायफलीला तोच निकष लावू नका. आमच्याकडेही नवी मुलं उधारीवर बोअरस्कोप आणतात आणि रडवेली होतात. मी त्यांना एकच सांगते, आधी टार्गेट दाखव. आमच्या क्लबमधल्या एका नळीत चेंबरपुढे शाईच्या ठिपक्यासारखा डाग आहे, पहिल्या दिवसापासून. त्याच नळीवर एका मुलीने राज्य पातळीचं पदक काढलं.

शांताराम_०७

विषयाबाहेर लिहितोय, रागावू नका. घरात अशी रायफल ठेवायची आणि तिच्या आतल्या चकाकीची चर्चा करायची, हे माझ्यासारख्या माणसाला बेचैन करतं. आमच्या लहानपणी गावात एका घरी बंदूक होती आणि त्या घराला सगळे वचकून असत.

वाळवंटी_पुणेकर

शांतारामकाका, रागावण्यासारखं काही नाही. घरात दोन मुलं आहेत, म्हणून रायफल कुलूपबंद तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कपाटात असतात. माझ्यासाठी हा रविवारचा खेळ आहे. नळीचं फिनिश तपासतो त्यामागेही सुरक्षेचा भाग आहेच. चेंबर खरबरीत असलं तर झाडलेलं काडतूस अडकतं, आणि अडकलेलं काडतूस काढताना माणसं चुका करतात.

जुनं_पान

वर काडतूस अडकण्याचा उल्लेख आला म्हणून. नळीला क्रोम का लावू लागले याची गोष्ट तिथेच आहे.

अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये एम-१६ नेली तेव्हा तिच्या चेंबरला आणि नळीला क्रोम नव्हतं. दमट हवा, पाऊस, भातखाचरं. त्यात काडतुसातली पावडर बदललेली, आणि सैनिकांना सांगितलं गेलेलं की हिला फारशी साफसफाई लागत नाही. सफाईचं सामानही पुरेसं पोचलं नव्हतं. चेंबरला गंज चढायचा, त्यात बारीक खड्डे पडायचे. गोळी झाडली की पितळ फुगून त्या खड्ड्यांत रुतायचं. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे झाडलेलं काडतूस ओढून काढणारा आकडा, काडतुसाची कड फाडून रिकामाच मागे यायचा. मग लढाईच्या मध्ये तोंडाकडून दांडा घालून काडतूस ठोकून काढायचं. १९६६-६७ मध्ये माणसं गेली यात. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीने चौकशी केली आणि अहवालात सैन्याला चांगलंच झापलं. आधी चेंबरला क्रोम आलं, पुढे काही वर्षांनी पूर्ण नळीला.

वाईट वाटतं ते याचं की हे ज्ञान नवं नव्हतं. जपानच्या १९३९ च्या टाइप ९९ रायफलीची नळी क्रोमची होती. पॅसिफिकमधल्या बेटांवर लढायचं तर गंज हा पहिला शत्रू, हे त्यांनी ओळखलं होतं. युद्धाच्या अखेरीस सामान संपत आलं तेव्हा क्रोम वगळलं गेलं. सोव्हिएत एके आणि एसकेएसलाही क्रोम होतं, कारण त्यांच्या काडतुसांचा प्राइमर (पावडर पेटवणारा भाग) झाडल्यावर मागे क्षार सोडायचा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि रातोरात गंज धरतो.

म्हणजे क्रोम आलं ते टिकण्यासाठी. अचूकतेसाठी ते कोणी लावलंच नव्हतं. ह्यूस्टनकर यांचा निकष आणि क्रोमचा हेतू वेगळे आहेत, भांडण इथेच मिटावं.

ह्यूस्टनकर

मिटलं. पण मग गंजासाठी नायट्रायडिंग आहेच की. क्षारांच्या वितळलेल्या टाकीत नळी बुडवायची, नायट्रोजन पोलादातच मुरतो. वर वेगळा थर नाही, म्हणजे निघायला पपुद्राही नाही, आणि माप जवळजवळ बदलत नाही. समुद्राच्या हवेत माझी एक नळी तशी आहे, डाग नाही.

मायक्रॉन_मोजणारा

हे मान्य. माझ्यासारखा माणूस आठवड्याला शंभर गोळ्या सावकाश झाडणार असेल तर मीही नायट्राइडच सुचवीन. सलग झाडून नळी तापवायची असेल तिथे क्रोम पुढे. पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं, क्रोमियम १९०० ला. थ्रोटपाशी प्रत्येक गोळीमागे क्षणभर जी आग लागते ती क्रोम अंगावर घेतं.

पण विषय त्यांनी घेतलेल्या नळीचा आहे. परतीचे किती दिवस राहिले?

वाळवंटी_पुणेकर

सात. चिंधीचा प्रयोग केला. सुरुवातीपासून तोंडापर्यंत जोर सारखा, फक्त गॅस पोर्टवरून जाताना चिंधीचा एक धागा अडकल्यासारखा वाटला. बाहेर काढली तर खरंच एक धागा उचकटलेला.

माजी_सुभेदार

पुतण्याने ही चर्चा दाखवली. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही फौजेत इन्सास रायफल वापरली, तिच्या नळीला आतून क्रोम आहे. ती आपल्या पुण्याच्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने तयार केलेली. तिच्याबद्दल लोक बरंवाईट बोलतात. नळीपुरतं मी चांगलंच बोलेन. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि डोंगरात वर बर्फात, दोन्हीकडे ती मी साफ केली आहे.

निरीक्षणाच्या वेळी साहेब तोंडाकडून नळीत बघायचे आणि आम्ही चेंबरच्या बाजूला अंगठ्याचं नख तिरकं धरायचो. नखावर उजेड पडून आत जातो. बॅटरीच्या झोतापेक्षा तो मऊ उजेड बरा. झोताने सगळंच चमकतं. नखाच्या उजेडात नळीतल्या सावलीच्या कड्या दिसतात, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारख्या. कड्या गोल आणि एकमध्य असतील तर नळी सरळ. एखादी कडी तुटली किंवा बाजूला गेली तर तिथे काहीतरी आहे. कुठे काळी जाड कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली असू शकते.

मी नवा होतो तेव्हा निरीक्षणाआधी नळीत तेलाची चिंदी फिरवायचो, चमकावी म्हणून. आमच्या उस्तादांनी एकदा ती नळी हातात घेतली, कोरडी चिंदी मारली आणि म्हणाले, "ही तेलाची चमक आहे. आता लोखंडाची दाखव." कोरड्या नळीत मला स्वतःला तेव्हा दोन ठिकाणी मळ दिसला. तो दिवस विसरलो नाही.

तुम्ही नळी कोरडी करून पाहिलीत का? नव्या नळीत कारखान्याचं तेल असतं. ते पांढरे ठिपके मला तेलाच्या थेंबासारखे वाटतात.

नेमबाज_करवीर

सुभेदारसाहेब, "लोखंडाची दाखव" हे मी उद्या सरावाला सांगणार आहे.

रानपाखरू

वाचतोय आणि एक वेगळा प्रश्न आहे. आमच्याकडे विदर्भात आजोबांच्या परवान्यावरची .३१५ आहे, पीक राखणीसाठी घेतलेली. परवाना आता वडिलांच्या नावावर. तिच्या नळीत गंजाचे खड्डे आहेत, विशेषतः तोंडाकडच्या अर्ध्या भागात. आतून हार्ड क्रोम करून घेतलं तर खड्डे भरतील का? एमआयडीसीत ओळखीचे प्लेटर आहेत.

शिरोलीचा_प्लेटर

नाही भरणार, आणि त्या ओळखीच्या प्लेटरला यात पाडूही नका.

क्रोम चढताना टाकीत जो करंट जातो त्यातला शेकडा पंधराच्या आसपासच क्रोम बसवायला लागतो. बाकी सगळा हायड्रोजनचे बुडबुडे काढतो. खड्ड्यात बुडबुडा अडकतो आणि त्याच्या खाली क्रोम बसतच नाही. म्हणजे कडेला चढणार, खड्डा तसाच, उलट त्याची कड उंच होणार. शिवाय खड्ड्यातला गंज नीट निघाला नसेल तर क्रोम पोलादाला धरत नाही, वरवर बसतं. पहिल्या गोळीला उडेल. आणि माप? आधीच्या व्यासात थर चढवला तर नळी अरुंद होते. दाब वाढतो. हे धोक्याचं आहे, गंमत नाही.

कायद्याचं सांगायचं तर हत्याराची दुरुस्ती करायला शस्त्र कायद्याचा वेगळा परवाना लागतो. माझ्याकडे तो नाही. माझ्या दारात कोणी नळी आणली तर मी हात लावणार नाही.

रानपाखरू

समजलं. वडिलांना दाखवतो. जिल्ह्याच्या ठिकाणी परवानाधारक गनस्मिथ आहेत, त्यांच्याकडे नेतो.

शिरोलीचा_प्लेटर

त्यांना एवढंच विचारा, खड्डा किती खोल आहे आणि ही चालवणं सुरक्षित आहे का. दिसायला कशी आहे ते नंतर.

आता वाळवंटी यांच्या आडव्या रेषांबद्दल. दुसरा फोटो मी मोठा करून पाहिला. त्या क्रोमच्या नाहीत, खालच्या पोलादावरच्या आहेत. क्रोमने फक्त नक्कल केली. पण लँडवरच का आणि ग्रूव्हमध्ये का नाहीत, ते मला सांगता येणार नाही.

मायक्रॉन_मोजणारा

ते मला येतं. नळी आधी ड्रिल करतात, मग रीमर फिरवून नेमक्या व्यासाची करतात. रीमर गोल फिरतो, म्हणून त्याच्या खुणा आडव्या, कड्यांसारख्या. मग रायफलिंग. ते बटण, म्हणजे खाचा असलेला कठीण गुटका, ओढून केलं असेल तर कार्बाइडचं बटण ग्रूव्हची जागा दाबत, इस्त्री करत जातं. तिथल्या रीमरच्या खुणा पुसल्या जातात. लँडचा पृष्ठभाग मात्र मूळ रीमरचाच राहतो. म्हणून तुमच्या रेषा फक्त लँडवर. तुमची नळी बटणाने केलेली आहे हे मी फोटोवरून सांगू शकतो, जाहिरात न वाचता. कटरने एकेक ग्रूव्ह कापला असता तर ग्रूव्हमध्ये उभ्या रेषा दिसल्या असत्या. कोल्ड हॅमर फोर्जिंगमध्ये बाहेरून हातोड्यांचा मार बसून पोलाद आतल्या मँड्रेलवर, म्हणजे साच्याच्या दांड्यावर, दाबलं जातं, त्यात बहुतेक खुणा दबून जातात.

उभ्या रेषा गोळीच्या दिशेने असतात, त्यांचा त्रास थोडा. आडव्या रेषा कानशीसारख्या. गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा कीस काढतात. तुमच्या रेषा बारीक आणि सगळीकडे सारख्या आहेत. या किमतीच्या नळीत नेहमीच्या. किती तांबं धरते ते झाडल्यावरच कळेल.

आणि दुधी दिसणं म्हणजे खरबरीत असणं नव्हे, हे पुन्हा सांगतो. चकाकी ही अगदी सूक्ष्म पोतावर ठरते. आमच्याकडे असे भाग येतात जे आरशासारखे चमकतात आणि रफनेस टेस्टरची सुई फिरवली की लाटा दिसतात. आणि निस्तेज भाग मापात चोख.

सह्यकडा

क्रोम आहे हे तरी कशावरून? विकणारा म्हणतो म्हणून?

शिरोलीचा_प्लेटर

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. किराणा दुकानात नाही मिळालं तर शेतीच्या दुकानात मिळेल. पाण्यात थोडं विरघळवायचं, कापसाच्या काडीने तेल पुसलेल्या जागेवर एक ठिपका. उघडं पोलाद असेल तर क्षणात तांबूस होतं. क्रोमवर काही होत नाही. क्रोम कुठे चढायचं राहिलंय हे आम्ही रॉडवर असंच बघतो. नळीत मात्र तोंडाच्या अगदी आतल्या कडेला, एवढासाच, आणि लगेच पुसून तेल. आतवर ओतत बसू नका.

वाळवंटी_पुणेकर

सगळं करून पाहिलं. एकेक सांगतो.

मोरचूद इथे झाडांची मुळं मारायच्या औषधांत मिळालं. तोंडाच्या सपाट कडेवर, जिथे क्राउन कापलेला आहे, ठिपका तांबूस झाला. आतल्या भिंतीवर काहीच नाही. दोन्हींच्या मध्ये एक बारीक चंदेरी कडी दिसते, तो थर. इतका पातळ की मी तीन वेळा चष्मा पुसला.

नळी सॉल्व्हंटने धुऊन, कोरड्या चिंध्या मारून पुन्हा कॅमेरा घातला. पांढरे ठिपके गेले! सुभेदारसाहेब, तुमचा अंदाज बरोबर होता. थ्रोटपाशी आता काहीच नाही, कड स्वच्छ, सगळ्या लँडची सुरुवात एकसारखी.

गॅस पोर्टची किनार मात्र तशीच. तुटलेली बाजू अर्धा मिलिमीटर असेल. तिच्या आत गडद पोलाद दिसतं.

ह्यूस्टनकर

माझा पपुद्रा थ्रोटला होता, आणि तिथेच जास्त घाबरायला हवं. तुमचा गॅस पोर्टला आहे. ते छिद्र क्रोम चढवल्यावर पाडलेलं असलं की ड्रिल बाहेर पडताना किनारीचं क्रोम टवका उडाल्यासारखं तुटतं. माझ्या एका मित्राच्या सध्याच्या नळीत तुमच्याहून मोठा टवका आहे, पाच हजार गोळ्या झाल्या, जसाच्या तसा. टवका आणि पपुद्रा यांत फरक करा. टवक्याची कड छिद्रापाशी संपते. पपुद्रा नळीच्या दिशेने पुढे सरकत जातो, त्याची कड उचललेली दिसते, मागे सावली पडते.

क्रोमच्या विरोधात सुरुवात मीच केली होती, पण ही नळी मी परत करणार नाही.

शिरोलीचा_प्लेटर

कड उचललेली आहे का हे बघायला कॅमेऱ्याचा दिवा एका बाजूने पडेल असा फिरवा. आम्ही पपुद्रा तपासताना टॉर्च आडवी धरतो. समोरून धरली की काही कळत नाही.

वाळवंटी_पुणेकर

फिरवून पाहिलं. सावली नाही. कड बसलेली आहे. ठेवतोय.

नेमबाज_करवीर

टार्गेट दाखवा.

वाळवंटी_पुणेकर

(तीन आठवड्यांनी)

उशीर झाला, मधे मुलीची परीक्षा होती. काल बेन अ‍ॅव्हरी रेंजवर गेलो. १०० यार्ड, टेकू देऊन. पाच-पाचचे गट घेतले नाहीत, मुद्दाम दहा-दहाचे घेतले, कारण पाचात नशीब लपतं.

साध्या ५५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळ्या, तीन गट, भोकांचा पसारा: २.१ इंच, १.८ इंच, २.४ इंच. मग ७७ ग्रेनच्या मॅच गोळ्या, दोन गट: १.३ आणि १.४. जुनी नळी नवी असतानाही माझ्या हातून दीडच्या आत क्वचित आलं होतं. झाडलेल्या काडतुसांवर ओरखडे नाहीत, चेंबर गुळगुळीत आहे. बाहेर पडलेली सगळी एकाच ढिगाऱ्यात पडली होती.

घरी येऊन अमोनियाचं सॉल्व्हंट लावलं, ते तांबं विरघळवतं आणि चिंधी निळी होते. पहिली चिंधी गर्द निळी, दुसरी निळी, तिसरी निळी, चौथीही निळी. मला वाटलं झालं, लँडवरच्या रेषांनी तांबं धरलं.

मायक्रॉन_मोजणारा

दांड्याच्या टोकाला चिंधी धरणारा जॅग कशाचा आहे?

वाळवंटी_पुणेकर

पितळेचा.

अरे हो. नायलॉनचा लावला. पुन्हा केलं. दुसऱ्या चिंधीला फिकट, तिसरी पांढरी.

मायक्रॉन_मोजणारा

सॉल्व्हंट जॅगचंच तांबं खात होतं. ५० गोळ्यांनंतर तीन चिंध्यांत साफ, ही नळी गुळगुळीत आहे.

माजी_सुभेदार

छान झालं. साफ केल्यावर चेंबर कोरडं ठेवा आणि नळीत तेलाचा हात अगदी हलका. क्रोम आहे म्हणून सफाई सोडू नका. क्रोमला केसासारख्या भेगा असतात, ओल त्यातूनच खाली पोलादाला जाते.

रानपाखरू

इकडचं सांगायचं राहिलं. गनस्मिथनी आजोबांची .३१५ पाहिली. तोंडाकडचे खड्डे वरवरचे आहेत, पण चेंबरच्या पुढे एक खोल आहे, तो आम्हाला कधी दिसलाच नव्हता. त्यांनी झाडू नका म्हणून सांगितलं. नळी बदलून मिळते का याची ते चौकशी करताहेत. तोवर वडिलांनी ती कपाटात कुलूपबंद ठेवली आहे.

शिरोलीचा_प्लेटर

बरं केलंत. वाळवंटी, त्या गॅस पोर्टचा फोटो आजच्या तारखेने ठेवून द्या. पाचशे गोळ्या झाल्या की त्याच जागेचा, त्याच कोनातून, दिवा आडवा धरून दुसरा काढा आणि दोन्ही इथे शेजारी शेजारी टाका.

वाळवंटी_पुणेकर

काढून ठेवलाय. दांड्यावर खोलीची खूणही केली आहे.